ह्यांची गाडी आणि माझा कान

घर सांभाळणाऱ्या बाईचा कान किती तयार झालेला असतो, हे आपल्याला कुणी कधी सांगत नाही. कुकर नुसताच फुसफुसू लागला की रिंग सैल झाली हे आपण बाहेरच्या खोलीतून ओळखतो. मिक्सरचा आवाज एकदम हलका झाला, की पातं नुसतंच फिरतंय आणि चटणी भांड्याच्या कडेला चिकटलीय हे झाकण न उघडता कळतं. पंख्याची टकटक, नळाला पाणी येण्याआधीची गुरगुर, शिवणयंत्राचा पट्टा सैल झाला की पाय मारूनही मागे रेंगाळणारं चाक, हे सगळं आपण ऐकून ऐकूनच शिकलो. त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. आणि तेच कान गाडीपाशी न्यायची वेळ आली, की आपणच म्हणतो, "त्यातलं मला काय कळतंय!" गॅरेजवालाही तेच म्हणतो. फक्त जरा आदबीनं, "वहिनी, तुम्ही बसा खुर्चीवर."

मैत्रिणींनो, गाडीतलं मला खरोखरच काही कळत नव्हतं. पण आवाजातलं कळत होतं, आणि मागच्या पावसाळ्यानंतर तेवढंच उपयोगी पडलं.

आमच्याकडे बिनगिअरची स्कूटर आहे, पण ती तुमच्यासारखी दोन चाकांची नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची आणखी दोन चाकं बसवलेली आहेत. मागून पाहिलं तर ओळीनं तीन चाकं दिसतात, म्हणून सोसायटीतली मुलं तिला 'तीनचाकी' म्हणतात. पुढचं धरलं तर होतात चार, पण नाव पडलं ते पडलं! ह्यांचा उजवा पाय लहानपणी पोलिओत गेला. पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू झाली ती १९९५ साली. १३ जानेवारी २०११ ही आपल्या देशातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णाची तारीख, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आपल्या पोरांना आपण ते दोन थेंब पाजले आणि विसरूनही गेलो. ह्यांचा जन्म त्या आधीचा. त्यांच्या पिढीतले कितीतरी जण अशाच चाकं लावलेल्या स्कूटरवरून कामाला जातात. चाकं बसवली की आरटीओकडून नोंदणीपत्रकात तशी नोंदही करून घ्यावी लागते.

म्हणजे बघा, ही गाडी म्हणजे ह्यांचे पाय. दुसऱ्या कुणाची स्कूटर रस्त्यात बंद पडली तर तो उतरून ढकलत कडेला नेतो. ह्यांना ते जमण्यासारखं नाही. गाडी उभी राहिली की हे तिथेच.

ऑक्टोबरमध्ये गाडीतून एक बारीक, लांबट आवाज येऊ लागला. कुईंऽऽ असा. कुत्र्याचं पिल्लू दाराबाहेर राहिलं की कण्हतं ना, तसा. आधी अधूनमधून, मग रोज. हे काही बोलले नाहीत. पण माझ्या लक्षात आलं, की हे घरातून वीस मिनिटं आधी निघू लागले आहेत. नेरूळहून वाशीला जायला पाम बीच रस्ता किती सरळ आणि मोकळा! पण हे जुईनगर, सानपाड्यातून आतल्या रस्त्यानं जाऊ लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाम बीचला गाडी बंद पडली तर हाक मारायला माणूस नाही गं. आतून कसं, दुकानं आहेत, रिक्षास्टँड आहे." आणि मग एका रात्री जेवताना, भात कालवता कालवता म्हणाले, "विकूनच टाकू या का ही?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलानं एक चक्कर मारली आणि सांगितलं, "हा आवाज बाजूच्या चाकांचा. ते बाहेरचं काम आहे, ज्यांनी बसवलं त्यांच्याकडे जा." चाकं बसवणाऱ्याकडे गेलो. त्यानं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "माझी चाकं लोण्यासारखी फिरतात. हा पट्टा ओरडतोय. सर्व्हिस सेंटरला सांगा, बेल्ट बदला म्हणावं." पुन्हा तिकडे, तर ते म्हणाले, बेल्ट पाच महिन्यांपूर्वीच बदललाय, जेमतेम चार हजार किलोमीटर झालेत, तो जाईलच कसा? दोन शनिवार असे गेले. दोघंही खोटं बोलत नव्हते, हे मला पुढे कळलं. पण तेव्हा मात्र सासर-माहेरच्या भांडणात लेकीचे हाल व्हावेत तशी आमची गाडी मधल्या मध्ये कण्हत उभी होती.

मग मी ठरवलं, की आधी हा पट्टा काय प्रकार आहे तो समजून घ्यायचा. शाळेत मुलांना मी सांगते, की प्रश्न कळला की अर्धं उत्तर आलं. आता तेच स्वतःला सांगायची पाळी आली.

बिनगिअरच्या स्कूटरमध्ये डाव्या हाताला, मागच्या चाकाच्या बाजूला, जो लांबट डबा दिसतो त्याच्या आत हा रबरी पट्टा असतो. पुढे एक पुली, मागे एक पुली. दोन बशा बुडाला बूड लावून धरल्या, की कडेला कशी निमुळती खाच तयार होते, तशी ह्या पुलीची खाच असते आणि पट्टा तिच्यात बसतो. गंमत अशी, की ह्या बशा जवळ आणि लांब होतात. इंजिन जोरात फिरू लागलं की पुढच्या पुलीतले छोटे वजनदार रोलर बाहेर फेकले जातात आणि पुढच्या बशा जवळ ढकलतात. त्यामुळे पट्टा तिथे वर चढतो. मागच्या बशा तेव्हाच स्प्रिंगला न जुमानता फाकतात, आणि तिथे पट्टा खाली उतरतो. सायकलचं मोठं चाक लहान आणि लहान चाक मोठं व्हावं, तसं हे आपोआप होत राहतं. म्हणूनच गिअर टाकावा लागत नाही.

हॉलंडमधल्या डाफ कंपनीनं १९५८ साली ह्याच तत्त्वावर चालणारी मोटार लोकांपुढे ठेवली होती. आपल्याकडे १९८४ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि त्यातून कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी. आपल्या आई-मावश्यांपैकी कितीजणी तिच्यामुळे पहिल्यांदा गाडी चालवू लागल्या! आज आपल्यातल्या बहुतेकजणी ज्या स्कूटरवर भाजी आणतात, तिच्या पोटात हाच पट्टा आहे. तेव्हा ही गोष्ट फक्त आमच्या तीनचाकीची नाही बरं का.

आता आवाजाकडे येते. एका दिवाळी हिशेबाच्या जुन्या वहीत मी चार प्रश्न लिहून काढले. आजारी मुलाला डॉक्टरकडे नेलं की ते विचारतात ना, ताप कधी चढतो, कधी उतरतो, खाल्ल्यावर पोट दुखतं की उपाशीपोटी? तसेच हे प्रश्न.

पहिला प्रश्न : गाडी जागेवर उभी, इंजिन नुसतं चालू, तेव्हा आवाज येतो का? अशा वेळी पट्टा आणि दोन्ही पुली फिरत असतात, चाक मात्र स्थिर असतं. तेव्हाच आवाज येत असेल तर तो पट्ट्याचा, पुलीच्या बेअरिंगचा किंवा इंजिनचा. आमच्याकडे काहीच आवाज नव्हता.

दुसरा : इंजिन बंद करून गाडी ढकलली तर? आता उलटं होतं. क्लच सुटलेला असतो, त्यामुळे चाकं फिरतात आणि पट्टा झोपलेला असतो. तेव्हा आवाज आला तर चाकांची बेअरिंगं, ब्रेक नाहीतर मागच्या चाकापाशी असलेले तेलातले दातेरी गिअर, ह्यांच्यावर संशय घ्यायचा. मुलाला हँडल धरायला बसवलं, मी आणि वॉचमनकाका मागून ढकलायला. सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या घातल्या. आवाज शून्य! पण एक गोष्ट हाताला जाणवली, आणि ती मी वहीत लिहून ठेवली : 'गाडी फार जड लागते.'

तिसरा : गाडी जागेवरून निघतानाच्या त्या एका क्षणी ओरडते आणि मग गप्प होते का? तसं असेल, सोबत थरथर असेल, तर बहुतेक क्लचमध्ये धूळ बसलेली असते. आमच्या नवी मुंबईत कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, तेव्हा धुळीला तोटा नाही. पण आमचा आवाज तिथे येत नव्हता.

चौथा : चढावर वाढतो की उतारावर? ह्यासाठी रविवारी सकाळी आम्ही बेलापूरच्या पारसिक टेकडीवर गेलो. मी मागे बसले, ह्यांना म्हटलं, "तुम्ही सावकाश चालवा, मी फक्त ऐकते." फिरायला आलेली मंडळी बघत होती. बघू देत! चढ लागला आणि पाच-सात सेकंदांत कुईंऽऽ सुरू झालं. चढ संपला, ह्यांनी रेस कमी केली, आवाज थांबला. उतरताना गाडी चांगली वेगात होती, चाकं चढापेक्षा कितीतरी जोरात फिरत होती, आणि आवाजाचं नाव नाही.

माझा जीव भांड्यात पडला. कारण चाकाच्या बेअरिंगचा आवाज असता तर वेग वाढल्यावर तो वाढायला हवा होता. हा आवाज वेगाचा नव्हता, ओझ्याचा होता. ओझं पडलं की पट्टा पुलीत निसटत होता, घासत होता आणि कण्हत होता. चाकं बसवणारा म्हणाला ते खरं होतं, आवाज पट्ट्याचाच.

पण मग सर्व्हिस सेंटरवाल्याचा प्रश्न उरलाच ना? पाच महिन्यांचा पट्टा इतक्यात निसटू का लागला? अशा पट्ट्याचं आयुष्य बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास दिलेलं असतं. इथे नुसता नवा पट्टा घातला असता, तर दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला असं झालं असतं. चार महिन्यांनी तेच कण्हणं, तेच दोन शनिवार.

आमच्या सेक्टरमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीदादांना मी विचारलं, "डबा माझ्यासमोर उघडाल का?" ते हसले, म्हणाले, "उघडतो की. पण ताई, पदर खोचून लांब उभ्या राहा." उघडलं. आत काळी भुकटी पसरलेली. पट्ट्याच्या दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत झालेल्या. मिस्त्रीदादांनी सांगितलं, की नव्या पट्ट्याच्या कडा हाताला खरखरीत लागतात, सारखा निसटत राहिला की तापून गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत झाला की आणखी निसटतो. मी एकेक विचारत गेले. आत तेल गळलंय का? नाही. रोलर एका बाजूनं चपटे झालेत का? नाही, गोल आहेत. (ते चपटे झाले तर कण्हणं नाही, खडखड ऐकू येते.) मागच्या पुलीचं बेअरिंग? हातानं फिरवून दाखवलं, मऊ. हवा आत घेणारी जाळी मात्र चिखलाच्या धुळीनं बुजलेली होती. म्हणजे पट्ट्याला वारा लागत नव्हता, तो तापत होता. हे एक कारण झालं. पण मिस्त्रीदादा मान हलवत म्हणाले, "एवढ्यानं एवढा नाही जळायचा. ह्याच्यावर कसलं तरी ओझं आहे."

मी वही उघडली. 'गाडी फार जड लागते.'

मग आम्ही खाली बसून चाकं पाहिली. डाव्या आधाराच्या चाकाचा टायर बाहेरच्या कडेला खाल्लेला, आणि आतल्या बाजूला नक्षी जशीच्या तशी. हवाही कमी. मिस्त्रीदादांनी सुतळी मागितली. मागच्या मुख्य चाकाच्या कडेला लावून ती पुढपर्यंत ताणून धरली आणि तिच्यापासून बाजूच्या चाकाचं अंतर मोजलं, चाकाच्या पुढच्या कडेला एकदा, मागच्या कडेला एकदा. उजव्या चाकाला दोन्ही मापं सारखी. डाव्या चाकाची पुढची कड बोटभर आत वळलेली! पावसाळ्यात ते चाक एका खड्ड्यात आदळलं होतं, तेव्हाच त्याचा लोखंडी दांडा वाकला असणार. ते चाक फिरत होतं खरं, लोण्यासारखं फिरत होतं. पण तिरकं चालत होतं, रस्त्यावर फरफटत होतं. आणि ती सगळी फरफट रोज नेरूळ ते वाशी आणि वाशी ते नेरूळ त्या बिचाऱ्या पट्ट्यानं ओढली होती.

म्हणजे सर्व्हिस सेंटरवालाही बरोबर होता आणि चाकं बसवणाराही. आवाज पट्ट्याचा, दोष चाकाचा. फक्त दोघांनी आपापल्या हद्दीपर्यंतच पाहिलं. घरातसुद्धा असंच असतं नाही का? कुरकुर एकजण करतो आणि ओझं दुसऱ्यानंच टाकलेलं असतं.

काम करताना मी एक क्रम धरला : आधी दांडा, मग पट्टा. वाकलेला दांडा ठोकून सरळ न करता नवाच बसवला, सुतळीनं पुन्हा मोजून घेतला. टायर बदलला, हवा भरली. मग डबा साफ, जाळी साफ, गिअरचं तेल नवं, आणि सगळ्यात शेवटी कंपनीचा खरा पट्टा. पट्टा काही शेकड्यांत येतो, त्यात काटकसर करून बिननावाचा घेऊ नये. गाडी पुन्हा ढकलून पाहिली, तर माझा मुलगा एकटा ढकलू शकला. पारसिकचा चढ पुन्हा चढलो, आणि मला ऐकू आली ती फक्त पाखरं.

पट्ट्याचं हे कण्हणं सगळीकडचंच आहे. कॅनडातल्या बीआरपी कंपनीची 'स्पायडर' नावाची तीनचाकी मोटारसायकल २००७ साली आली, पुढे दोन चाकं, मागे एक. तिचा पट्टा दातेरी, त्यात बशा नाहीत. तरीही तो जास्त ताणलेला असला किंवा तिरपा चालू लागला, की तीही अशीच कण्हते. लाखो रुपयांची गाडी असो की आमची, पट्ट्याला दोनच गोष्टी लागतात : सरळ वाट आणि झेपेल एवढं ओझं.

तुमच्या स्कूटरसाठी चार गोष्टी सांगून ठेवते. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर पट्टा ओरडला आणि थोडं चालवल्यावर थांबला, तर ते ओलीचं असतं, घाबरू नका. थांबला नाही तर मात्र डबा उघडायला सांगा. आवाज बंद व्हावा म्हणून पट्ट्यावर तेल, ग्रीस, पावडर काही लावू देऊ नका, तेलानं तो आणखी निसटतो. गाडी पूर्वीसारखी पळत नसेल, निघताना ओढत नसेल, तर आवाज नसला तरी पट्टा झिजला असेल. आणि बदललेला जुना पट्टा मागून घ्या. त्याच्या कडा, भेगा, रुंदी पाहिली की तो का गेला हे निम्मं तरी कळतं. डबा स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, वेणी नेऊ नका. आपलं काम ऐकण्याचं आणि विचारण्याचं. गॅरेजमध्ये "आवाज येतो हो" एवढंच सांगितलं, तर तिथला माणूस अंदाजानं एक भाग बदलतो. "चढावर येतो, उतारावर थांबतो, बंद गाडी ढकलताना येत नाही" असं सांगितलं, की तोच माणूस खुर्ची द्यायची विसरतो आणि आपल्याशी बोलू लागतो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी आणखी एक नोंद असते : पट्टा कधी बदलला, तेव्हा किती किलोमीटर झाले होते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाकांची हवा. ती नोंद हे स्वतः करतात. गाडी विकण्याचं नाव पुन्हा निघालेलं नाही.